रिपोर्टमध्ये ‘निघालेला’ ताप

पाऊस ओसरू लागतो, शेतात कापणीची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात एक दृश्य रोज दिसू लागते. चाळिशीतली एखादी शेतमजूर बाई बाकावर अंग टाकून बसलेली असते. ताप दहा-अकरा दिवसांचा. सोबत आलेल्या मुलाच्या हातात कॅरीबॅग, आणि तिच्यात दोन सीबीसी, एक सोनोग्राफी, तीन विडाल आणि सलाईनच्या बिलांची चळत. काय होतंय, असे बाईंना विचारले की उत्तर मुलगा देतो, तेही पिशवी पुढे करून : ‘टायफॉईड निघालाय साहेब. तीनदा निघाला.’

थंडी वाजून ताप येतो का, डोके किती दुखते, गवतात बसून काम असते का, काखेत किंवा जांघेत एखादी काळी खपली दिसते का, हे प्रश्न त्या अकरा दिवसांत बहुधा कोणी विचारलेले नसतात. विचारण्याची गरज वाटलेली नसते, कारण आजार आधीच ‘निघालेला’ असतो.

खरी गोम या क्रियापदातच आहे. विहिरीला पाणी निघावे तशी आपल्याकडे शुगर निघते, थायरॉईड निघतो, मणक्यात गॅप निघतो. शरीरात काहीतरी दडून बसले होते आणि लॅबने किंवा मशीनने ते खणून वर काढले, असा समज त्यामागे असतो. काही चाचण्यांबाबत तो बऱ्यापैकी खरा आहे. मलेरियाच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी प्रत्यक्ष दिसतो. क्षयाच्या नव्या तपासणीत थुंकीतून जंतूची जनुके सापडतात. विडाल चाचणीत मात्र काहीच ‘निघत’ नाही. ती टायफॉईडचा जंतू शोधतच नाही.

ती शोधते प्रतिपिंडे, म्हणजे जंतूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रथिने. फर्नांड विडाल या फ्रेंच वैद्याने १८९६ मध्ये ही चाचणी मांडली. रुग्णाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, मारलेल्या टायफॉईड जंतूंच्या द्रावणात मिसळला की प्रतिपिंडे त्या जंतूंना एकमेकांना चिकटवतात आणि बारीक गुठळ्या दिसतात. मग सीरम वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट, एकशेसाठपट असे पातळ करत जायचे आणि कोणत्या पायरीपर्यंत गुठळ्या दिसतात ते पाहायचे. रिपोर्टवर ‘१:१६०’ असे लिहून येते ते हेच. जंतू रक्तातून वाढवून पाहण्याची सोय जिथे नव्हती, तिथे ही युक्ती मोठीच होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वैद्यकाने तिचे स्वागत केले यात नवल नाही.

नवल हे की ती आजही भारतातल्या तालुक्या-तालुक्यात तापाची पहिली तपासणी म्हणून होते. आपल्याकडे दूषित पाण्यातून टायफॉईडचे आणि त्याच्या भाऊबंदांचे जंतू अनेकांच्या पोटात आयुष्यात कधी ना कधी जाऊन आलेले असतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात महिनोन्महिने रेंगाळतात. टायफॉईडशी नाते सांगणाऱ्या इतर साल्मोनेला जंतूंमुळेही गुठळ्या होतात. मलेरियासारख्या अगदी वेगळ्या तापात सगळी प्रतिकारव्यवस्था ढवळून निघते, तेव्हाही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट खरोखर टायफॉईड असेल तर प्रतिपिंडे वाढायला साधारण आठवडा जातो. म्हणजे तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आलेली विडाल बहुतेक वेळा मागची कहाणी सांगत असते, आणि त्या दिवशी निगेटिव्ह आली तरी टायफॉईड नाही असे म्हणता येत नाही.

पाठ्यपुस्तकात यावर तोडगा आहे. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्यायचे आणि दुसऱ्यात प्रतिपिंडे चौपट वाढली तरच निष्कर्ष काढायचा. प्रत्यक्षात दुसऱ्या नमुन्याची वेळ येईपर्यंत ताप तरी उतरलेला असतो, नाहीतर रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलेला असतो. त्यामुळे एकाच नमुन्यावर, तोही काचेवर थेंब मिसळून काही मिनिटांत केलेल्या चाचणीवर, निदान होते आणि औषधे सुरू होतात. यात आणखी एक वाईट रीत शिरली आहे. ‘टायफॉईड गेला का’ हे पाहण्यासाठी उपचारांनंतर पुन्हा विडाल करायची. प्रतिपिंडे इतक्या लवकर जात नाहीत, त्यामुळे ती पुन्हा पॉझिटिव्ह येते आणि इंजेक्शनांचा दुसरा कोर्स सुरू होतो. ‘तीनदा निघाला’ याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो.

हिशेब सोपा करण्यासाठी आकडे मनाचे घेऊ. समजा, तापाचे शंभर रुग्ण आले आणि त्यांपैकी खरा टायफॉईड पाच जणांना आहे. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे आणि पाचांतल्या चौघांना पकडते. उरलेल्या ९५ जणांत ती दर पाचांमागे एकदा चुकते, म्हणजे १९ जणांना विनाकारण पॉझिटिव्ह ठरवते. आता लॅबमधून २३ पॉझिटिव्ह रिपोर्ट बाहेर पडले. त्यांत खरे चार. कागदाकडे पाहून ते चार ओळखता येत नाहीत, कारण तेवीसही कागद सारखेच दिसतात. फरक करायचा तर रुग्णाकडे वळावे लागते : ताप किती दिवसांचा, तो पायरीपायरीने चढत गेला का, जीभ कशी आहे, प्लीहा हाताला लागते का, घरात आणखी कोणाला आहे का. रोग असण्याची शक्यता आधीच दाट असेल तर चाचणी ती पक्की करते. शक्यता विरळ असेल तर तीच चाचणी दिशाभूल करते. लॅब तीच, रसायन तेच, तंत्रज्ञही तोच.

चुकीच्या नावाने उपचार झाले, पण ताप तर उतरला, मग बिघडले काय, असे कोणी म्हणेल. विषाणूचा साधा ताप असेल तर फारसे बिघडत नाही. तो पाच-सात दिवसांत उतरणारच असतो आणि श्रेय इंजेक्शनाला मिळते. बिघडते ते इतरांचे. वर उल्लेख केलेल्या बाईंच्या काखेत काळी खपली सापडली, तर तो स्क्रब टायफस असण्याची शक्यता मोठी. गवताझुडपांतल्या एका बारीक कीटकाच्या अळीच्या चाव्यातून तो होतो. सिगारेटचा चटका बसल्यासारखी ती खपली दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्णालाही तिचा पत्ता नसतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत या तापाची साथ आली तेव्हा त्याचे नाव बातम्यांत आले. पुढे ते मागे पडले, आजार मात्र राहिला. त्यावर डॉक्सिसायक्लिन नावाचे जुने, स्वस्त औषध लागू पडते आणि बहुतेक रुग्णांचा ताप दोन दिवसांत उतरतो. टायफॉईडसाठी दिले जाणारे सेफ्ट्रियाक्सोनचे इंजेक्शन या जंतूवर मुळीच चालत नाही. दहा दिवस ते टोचत राहिले की दरम्यान फुप्फुसे, मूत्रपिंडे किंवा मेंदू गुंतण्याची वेळ येते. मग जिल्ह्याच्या गावी धाव, अतिदक्षता विभाग आणि घरातले दागिने गहाण.

क्षयाचे याहून वेगळे. ‘जुना टायफॉईड’ या नावाखाली महिना-महिना ओफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या चालू असलेले रुग्ण प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. ही औषधे क्षयाच्या जंतूलाही थोडीफार दाबून ठेवतात. ताप उतरल्यासारखा होतो, भूक जरा सुधारते, आणि थुंकीत जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. खऱ्या आजाराचे निदान काही आठवडे, कधी काही महिने लांबते. त्या काळात घरातली लहान मुले त्याच खोलीत झोपत असतात.

मग टायफॉईड ओळखायचा कसा? ब्लड कल्चर हे त्याचे उत्तर. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त पोषक द्रावणाच्या बाटलीत घालायचे आणि जंतू वाढतो का ते पाहायचे. यालाही मर्यादा आहेत. निकालाला दोन-तीन दिवस लागतात. खऱ्या टायफॉईडच्या रुग्णांतही साधारण निम्म्यांतच जंतू सापडतो, आणि आधी गोळ्या घेतल्या असतील तर त्याहून कमी. पण जो सापडतो तो खरा असतो, आणि कोणत्या औषधाला तो दाद देतो हेही कळते. हे कळणे आता चैनीचे राहिलेले नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन एके काळी टायफॉईडवर रामबाण होते. भारतातल्या बहुतांश टायफॉईड जंतूंनी त्याला जुमानणे सोडले त्याला बरीच वर्षे झाली. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. विडालच्या भरवशावर प्रत्येक तापाला हे इंजेक्शन टोचत राहणारा समाज त्याच वाटेवर असतो.

कल्चरचा आणखी एक उपयोग सहसा बोलला जात नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना टायफॉईडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेतून देण्यास सुरुवात केली. देशातला असा हा पहिला प्रयोग. तिचा परिणाम मोजला गेला तो रुग्णालयांतल्या ब्लड कल्चरच्या आकड्यांवरून. विडालचे आकडे धरले असते तर लस उपयोगी की निरुपयोगी हे कधीच कळले नसते. कोणत्या शहराला लस आधी हवी, कुठली जलवाहिनी गटाराशेजारून जाते, हे ठरवायला खरे आकडे लागतात.

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यायला हवी. ‘ताप आहे, पण कशाचा ते आज सांगता येत नाही, दोन दिवस थांबू’ हे वाक्य वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आणि व्यवसायाच्या दृष्टीने महागाचे. दोन दिवस थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण सहसा परत येत नाही. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला तापाचे नाव हवे असते आणि विडाल ते नाव अर्ध्या तासात, थोडक्या पैशांत देते. लॅबच्या कमिशनची भानगड वेगळी. ‘कट प्रॅक्टिस’ला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्यात २०१७ मध्ये तयार झाला आणि तो मसुदाच राहिला. पण कमिशन न घेणारे डॉक्टरही विडाल लिहितात. सरकारी रुग्णालयांतही छापील फॉर्मवर तिच्यापुढे खूण होते, कारण ती फॉर्मवर आहे.

नावाची हीच घाई शहरात वेगळ्या कपड्यांत दिसते. तिथे ताप नसतानाही तपासण्या होतात. सणासुदीला ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज सवलतीत मिळते, नमुना घ्यायला माणूस घरी येतो आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवर ऐंशी-नव्वद ‘टेस्ट’चा रिपोर्ट येतो. ही संख्या कशी फुगते तेही पाहण्यासारखे आहे. एका सीबीसीतून मशीन वीसेक आकडे काढते. हिमोग्लोबिन, पेशींचा आकार, त्या आकारातली तफावत वगैरे. पॅकेजमध्ये त्या वीस टेस्ट. यकृत आणि मूत्रपिंडांच्या तपासण्यांतले काही आकडे तर एकातून दुसरा वजा करून किंवा भागून आलेले असतात. तीही टेस्टच.

या रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत किंवा लाल रंगात काही ना काही असतेच. कारण ‘नॉर्मल रेंज’ ठरते कशी? निरोगी माणसांचे मोठे गट तपासतात आणि मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात त्याला नॉर्मल म्हणतात. म्हणजे व्याख्येनेच दर वीस निरोगी माणसांतला एक त्या पट्ट्याबाहेर पडतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका धडधाकट माणसावर केल्या, तर निदान एक तरी ‘बिघडलेली’ येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात अनेक चाचण्या एकमेकींशी बांधलेल्या असल्याने आकडा थोडा बदलतो, तत्त्व बदलत नाही. पुरेशा तपासण्या केल्या तर ठणठणीत माणूस उरत नाही. (काही रेंज अशा सरासरीतून न येता धोक्याच्या अभ्यासातून ठरल्या आहेत, कोलेस्टेरॉल आणि साखरेच्या. तिथे लाल अक्षरांकडे अधिक गंभीरपणे पाहावे लागते.)

त्या लाल अक्षरांमागे लोक किती धावतात! टीएसएच जरासे वाढलेले दिसले की ‘थायरॉईड निघाला’ आणि गोळी कायमची चालू. किंचित वाढलेले टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तर अनेकांत ते आपसूक खाली आलेले असते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या कित्येक मशीनमधल्या थायरॉईडच्या चाचण्यांना चकवतात, हे पॅकेज विकणारा सांगत नाही; तपासणीआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्या लागतात. पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ घालण्याची टूम तर जास्तच त्रासदायक. सीए-१२५ हा आकडा बीजाशयाच्या कर्करोगात वाढतो, तसा मासिक पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या क्षयातही वाढतो. लक्षण नसलेल्या बाईंनी तो करून घेतला आणि वाढलेला आला, तर पुढच्या रात्री कशा जातात याची किंमत पॅकेजच्या दरात धरलेली नसते.

साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीए१सीची, गोष्ट याच अंगाने सांगायला हवी, कारण ती महाराष्ट्राशी थेट जोडलेली आहे. ही चाचणी लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ती बरोबर ठरण्यासाठी लाल पेशी साधारण चार महिने जगायला हव्यात. सिकलसेल आजारात त्या लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेने झालेल्या पंडुरोगात तो काहीसा खोटा वाढू शकतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, जिथे सिकलसेलही आहे आणि पंडुरोगही, एचबीए१सीच्या एका आकड्यावर मधुमेह ठरवणे किंवा नाकारणे दोन्ही धोक्याचे. तिथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साधी साखर जास्त खरे बोलते.

चित्र घेणाऱ्या तपासण्यांचा रुबाब वेगळा असतो. आकडा खोटा असू शकतो हे पटते, पण फोटो? पाठदुखीच्या रुग्णाला एमआरआयच्या रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ लिहून मिळते आणि घरी त्याचे भाषांतर ‘मणक्यात गॅप’ असे होते. मग वाकणे बंद, ओझे बंद, कित्येकांची मजुरीही बंद. पाठीचा काही त्रास नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३० टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांत डिस्क बल्ज होताच. केस पांढरे व्हावेत तशी ती गोष्ट. पाठदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत, हालचाल चालू ठेवून, ओसरते. एमआरआय लागतो तो पायातली ताकद कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, ताप आणि वजनात घट असेल, कर्करोगाचा इतिहास असेल तेव्हा. तेव्हा मात्र तो ताबडतोब लागतो. मणक्याचा क्षय वेळीच दिसला तर माणूस चालता राहतो.

सीटी स्कॅनचे वेड राज्याने २०२१ मध्ये पाहिले आहे. ऑक्सिजन ठीक, ताप सौम्य, तरी पहिल्या-दुसऱ्या दिवशी स्कॅनसाठी रांगा आणि फोनवर नातेवाइकांचा पहिला प्रश्न, ‘स्कोअर किती?’ छातीच्या साध्या एक्स-रेत अत्यल्प किरणोत्सार असतो, सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा कमी. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या छातीच्या सीटीत तो सहा-सात मिलिसिव्हर्टपर्यंत जातो, म्हणजे निसर्गातून दोन-अडीच वर्षांत जेवढा मिळतो तेवढा. एका स्कॅनने कोणाचे काही होत नाही. पण उपचार ठरत होते बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर, आणि स्कोअरने त्यात काही बदल होत नसताना लाखो लोकांनी, तरुण मुलांनीसुद्धा, स्कॅन करून घेतले. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असा किरणोत्सार नसतो, हे अजूनही अनेकांना ठाऊक नाही. गरोदर बाईची सोनोग्राफी ‘किरणां’च्या भीतीने टाळणारी घरे आहेत.

इथवर वाचून तपासण्याच करू नयेत असा अर्थ कोणी काढला तर तो उलटा ठरेल. ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबून गेलेले जीव काही कमी नाहीत. छातीत दाबल्यासारखे होते, डाव्या हाताला मुंग्या येतात, घाम सुटतो. ईसीजी काढला जातो, नॉर्मल येतो, गॅसची गोळी मिळते, माणूस घरी जातो. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो, आणि ट्रोपोनिन रक्तात दिसण्याइतके वाढायला काही तास लागतात. लक्षणे सांगत असतील तर ईसीजी थोड्या-थोड्या वेळाने आणि ट्रोपोनिन तीन ते सहा तासांनी पुन्हा करायचे असते. डेंग्यूचेही तसेच. पहिल्या पाच दिवसांत एनएस१, त्यानंतर आयजीएम. उलटे केले तर निगेटिव्ह येणारच. राष्ट्रीय कार्यक्रमाने यासाठी एलायझा पद्धत सांगितली आहे, तरी झटपट कार्डावरच गावोगाव डेंग्यू ‘निघतो’ आणि ‘राहून जातो’.

डेंग्यूत सगळे लक्ष ‘पेशी किती’ यावर असते, त्याचाही थोडा विचार व्हावा. प्लेटलेट कमी होणे हा आजाराचा भाग आहे. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवण्याची गरज सहसा पडत नाही. कधी कधी नळीत गुठळ्या झाल्याने मशीन त्या कमीही मोजते. मग काचपट्टीवर डोळ्यांनी पाहणे हाच उपाय. जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्याने, आणि तेही ताप उतरताना, घरचे निर्धास्त झालेले असताना. त्याची चाहूल रक्ताच्या घट्टपणाचा आकडा देतो, जो त्याच सीबीसीत, प्लेटलेटच्या दोन-चार ओळी वर छापलेला असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे यांना लॅबच लागत नाही.

चांगली चाचणी खेड्यात पोहोचू शकत नाही, हे कारण आता टिकणारे नाही. क्षयाच्या निदानासाठी वापरले जाणारे ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीने बनवले, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली, आणि ते बॅटरीवर प्राथमिक आरोग्य केंद्रात चालते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ मध्ये अत्यावश्यक निदान चाचण्यांची राष्ट्रीय यादी काढली, कोणती तपासणी कोणत्या पातळीच्या केंद्रावर मिळावी हे सांगणारी. सरकारी केंद्रांतून नमुने गोळा करून मोठ्या लॅबमध्ये तपासण्याची व्यवस्थाही राज्यात आहे. त्याच गाडीतून ब्लड कल्चरच्या बाटल्या का जाऊ नयेत? ग्रामीण रुग्णालयात बाटल्या ठेवायच्या, पहिल्या इंजेक्शनाआधी रक्त घ्यायचे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती वाढवणारी लॅब रविवारीही उघडी ठेवायची. सोबत स्क्रब टायफसची एलायझा. विडालवर होणारा खर्च थांबवला तरी काही वाटा इथेच निघेल.

लॅबच्या रिपोर्टवर सही कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाली काढला होता : पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची. त्यावर पुढे नियमांचे फाटे फुटले. आजही कित्येक तालुक्यांत एकाच पॅथॉलॉजिस्टची स्कॅन केलेली सही एकाच संध्याकाळी अनेक गावांच्या रिपोर्टवर उमटते. त्या सहीमागे कोणी काचपट्टी पाहिली का, रुग्णाच्या डॉक्टरला फोन केला का, हे तपासणारी यंत्रणा राज्याने उभी केलेली नाही. एनएबीएलची मान्यता ऐच्छिक आहे आणि छोट्या लॅबला तिचा खर्च झेपत नाही. निदान सरकारी योजनांतून पैसे घेणाऱ्या लॅबना तरी दर्जाची बाहेरून होणारी नियमित तपासणी सक्तीची करता येईल.

आणि एक काम असे आहे ज्याला ना निविदा लागते ना मंत्रिमंडळाची बैठक. रुग्णालयांच्या तपासणीच्या छापील फॉर्मवर चाचण्यांच्या नावांपुढे चौकोन असतात. ताप किती दिवसांचा, आधी कोणती औषधे घेतली, आणि डॉक्टरांना संशय कशाचा, यासाठी असलेली ओळ बहुतेक फॉर्मवर एवढी आखूड असते की तिथे ‘ताप’ एवढाच शब्द मावतो, आणि तोही क्वचितच लिहिला जातो. पुढच्या छपाईत त्या तीन ओळी मोठ्या कराव्यात, त्या कोऱ्या असलेला फॉर्म लॅबने परत पाठवावा, आणि विडालचा चौकोन काढून टाकावा.